पुस्तक कुठंय तुझं?

गेल्या सप्टेंबरात मुलगी इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या, माध्यमिक शाळेत जायला लागली. या वर्गाला इथे इयर सेव्हन म्हणतात. वय अकरा पूर्ण, म्हणजे आपली सहावी. पहिल्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या आजीने लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या आमच्या घरातून विचारलं, "पुस्तक कुठंय तुझं? दाखव की." मुलीने दप्तर पालथं केलं. आठ-नऊ वह्या, त्यांत चिकटवलेले झेरॉक्सचे कागद, एक डायरी, पीटीचे बूट. पुस्तक एकही नाही. आई जरा गप्प राहिली आणि मला म्हणाली, "पोरीला शिकवलालेत का नुसतं खेळवलालेत?"

आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, पण तो मला सोडेना. माझ्या भावाचा मुलगा तिच्याच वयाचा, गावाकडे सहावीत. तो यंदा काय शिकणार हे मला लेस्टरमध्ये बसून पानापानानिशी कळतं, कारण बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. जी मुलगी माझ्याच घरात जेवते, ती काय शिकते हे मात्र मला तिच्या वह्या चाळून ताडावं लागतं. इथे सरकार पाठ्यपुस्तक छापत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, पण तीन वर्षांचा इतिहास त्यात मोजक्या पानांत आटोपलाय. बाकी शाळेने आणि शिक्षकांनी ठरवायचं.

मधल्या काळात गावाकडच्या ग्रुपवर वाद पेटलेला होता, तो तुम्हाला आठवत असेल. १६ एप्रिल २०२५ ला शासनाने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, १७ जूनला 'सक्ती'च्या जागी 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याआधी पुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायचा प्रयोग झाला, तोही गुंडाळला. आता सीबीएसईच्या धर्तीवर काय काय बदलणार याची चर्चा. माझं मत ग्रुपवर सगळ्यांनी विचारलं. परदेशातल्या माणसाला ते विचारतातच, आणि मग त्याने काहीही सांगितलं तरी "तुमचं काय, तुम्ही तिकडं" म्हणतात.

तर सांगतो. पहिलीतल्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, हे मला पटतं. मला हिंदी आणि इंग्रजी दोन्ही पाचवीत आल्या, १९९३ च्या जूनमध्ये, आणि काही बिघडलं नाही. औशाच्या बाजारात दखनी उर्दू कानावर पडतच होती. आजोबा तर निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पाढे मात्र मरेपर्यंत मराठीत म्हणायचे. वरून आलेली भाषा आमच्याकडे नवी नाही. पण त्या तीन महिन्यांत ग्रुपवर जेवढे निरोप आले, त्यांत पुतण्याच्या शाळेत विज्ञानाचा प्रयोग कधी झाला हे एकानेही विचारलं नाही. मी विचारलं. पुतण्या म्हणाला, "काका, प्रयोगशाळा हाय की. कुलूप हाय तिला. मायक्रोस्कोप तपासणी आली की निघतो."

आपल्याकडचं शाळेचं भांडण नेहमी पुस्तकात काय असावं याचंच असतं. ते उगाच नाही. आमच्या भागात शाळा म्हणून घरात जे पोचतं ते पुस्तकच. सर बदलून जातात, पद रिकामं राहतं, पावसात वर्ग गळतो, पण जूनमध्ये पुस्तक मिळतं, आणि आई-बाप अडाणी असले तरी शेजारचं पोरगं ते वाचून दाखवू शकतं. मी त्याच पुस्तकांवर शिकून इथवर आलो, त्यामुळे पुस्तकावर फार तोंड टाकायची माझी तयारी नाही.

इथे वर्गात काय चालतं ते आधी सांगतो, नाहीतर आई म्हणते तसं 'खेळ'च वाटेल. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, एक परकी भाषा (हिला फ्रेंच), संगणक, चित्रकला, संगीत, धर्मांचा अभ्यास, खेळ, आणि डिझाइन टेक्नॉलॉजी नावाचा एक विषय, ज्यात काही आठवडे लाकूडकाम, काही आठवडे शिवण आणि काही आठवडे स्वयंपाक. विज्ञानाचे पहिले दिवस बन्सन बर्नर पेटवण्यात गेले. नीट पेटवता आला की शाळा 'परवाना' नावाचा कागद देते. तो आमच्या फ्रिजवर लावलाय. स्वयंपाकाच्या तासाला मुलगे आणि मुली दोघांनीही कांदा चिरायचा असतो. मुलीने पहिल्यांदा सूप केलं, बटाट्याचं, आणि ते डब्यात घरी आणलं. अळणी होतं.

आमच्याकडे यातलं काहीच वेळापत्रकात नव्हतं असं नाही. कार्यानुभव होता, चित्रकला होती, शारीरिक शिक्षण होतं. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मैदानातले दगड वेचायचो आणि चित्रकलेचा तास गणिताचे सर मागून घ्यायचे. आजही घेतात, पुतण्या सांगतो. त्यातून लातूर तीस-चाळीस किलोमीटरवर; सहावीपासून 'फाउंडेशन'चे क्लास, नीटच्या नावाने. बाराव्या वर्षी डॉक्टरकीची तयारी करणाऱ्या पोराने अजून स्वतःच्या डोळ्यांनी कांद्याची पेशी पाहिलेली नाही.

इतिहासाचं बघा. इथे हे वर्ष १०६६ च्या नॉर्मन आक्रमणापासून सुरू होतं. मग डूम्सडे नोंदी (राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची मोजदाद), १२१५ चा मॅग्ना कार्टा (राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद), १३४८ ची प्लेगची साथ. शिवाय स्थानिक इतिहासाचा एक घटक करावाच लागतो. लेस्टरला त्यासाठी लांब जावं लागत नाही. १४८५ साली लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाची हाडं २०१२ मध्ये याच शहरात एका कार पार्कखाली सापडली. मुलांना तिथे चालत नेतात. आता औसा तालुक्याकडे बघा. औशाला किल्ला आहे, खरोशाला लेणी आहेत, जरा पलीकडे तेर आहे, जिथून रोमन जगाशी व्यापार चालायचा. पुतण्याची शाळा सहल घेऊन कुठे गेली? रायगड. चांगलंच आहे, जावं. पण खरोशाला मात्र तो अजून गेलेला नाही.

इथलं सगळं गोड आहे असं समजू नका. मुलीला धर्मांचा अभ्यास शिकवायला बरेच दिवस खेळाचे शिक्षक येत होते, म्हणजे मागून घेतलेला तास इथेही आहेच. चौदाव्या वर्षी मुलं विषय निवडतात आणि तेव्हा इतिहास, भूगोल दोन्ही सोडता येतात. पुतण्या मात्र दहावीपर्यंत दोन्ही शिकेल, आणि तीन भाषा लिहील. अभ्यासक्रमात जगाच्या इतिहासाचं उदाहरण म्हणून मुघल भारत सुचवलेला आहे. मुलीच्या शाळेने चीन घेतला. शिक्षक चांगला मिळाला तर पोराचं सोनं, आणि नाही मिळाला तर पडायला खाली पुस्तकाची सतरंजीसुद्धा नाही. हे शेवटचं मला रात्री कधी कधी छळतं.

फेब्रुवारीत भूगोलात भूकंप आले. मुलगी नकाशाचा कागद घेऊन आली. भूपट्टांच्या सीमा, त्यांवर लाल ठिपके. "बाबा, भूकंप सीमेवर होतात ना? मग आजीचा कसा झाला?"

आजीचा भूकंप म्हणजे किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं उशिरा झोपलेली. जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. गेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या आसपास सांगतात. मी पाचवीत होतो. भूगोलाच्या सरांनी आम्हाला ऑगस्टमध्येच शिकवलं होतं की दख्खनचं पठार पक्कं, इथे भूकंपाची भीती नाही. शाळा पुन्हा भरली ती पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." मग दोन आठवडे ते फक्त त्याच्यावरच बोलले: भूपट्टाच्या मधोमध, सीमेपासून दूर, जमिनीच्या पोटातही ताण कसा साठतो, कोणती घरं पडली आणि कोणती उभी राहिली. चाचणीत यातलं काही आलं नाही. त्या वर्षातलं मला तेवढंच आठवतंय.

मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गात किल्लारी सांगितलं. बाईंनी भिंतीवरच्या नकाशात तिला मराठवाड्यात एक ठिपका लावायला सांगितला आणि पुढचा तास पट्टाच्या आतल्या भूकंपांवर घेतला. त्यांना थांबता आलं, कारण अमुक तारखेला अमुक पान झालंच पाहिजे असं कुणी मागे लागलं नव्हतं. आमच्या सरांना तसं थांबायला एक भूकंप व्हावा लागला. आजच्या सरांना तर भूकंपातही सवड मिळेल का, शंका आहे. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची यादी. शिक्षणहक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर कामाला शिक्षक जुंपायचे नाहीत असं लिहिलंय. हिंदीच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांपैकी शंभर माणसं या एका कलमासाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसली असती, तर मी ग्रुपवर दिवसभर अंगठे उठवले असते.

बाईंनी गृहपाठ दिला: आजीला विचारून लिहून आण. रविवारी आई चाळीस मिनिटं बोलली. बाहेर अंगणात झोपल्यामुळे कोण वाचलं, कुणाचा बैल दोन दिवसांनी जिवंत निघाला, पुढचे कितीतरी महिने छताखाली डोळा कसा लागायचा नाही. मुलगी मध्ये मध्ये मला शब्दांचे अर्थ विचारत लिहीत होती. "माळवद" हा शब्द तिने रोमन अक्षरांत लिहिला, मग खोडून बाजूला घराचं चित्र काढलं.

आईच्या मागे पुतण्या उभा होता. तो म्हणाला, "आजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलास?" आई म्हणाली.