एव्हरीवन सोडून बाकी सगळे

विंडोजवरचा माझा एक फोल्डर लेकीला घरातल्या नेटवर्कवरून तिच्या मशीनवर उघडता यावा, एवढंच मला हवं होतं. कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन टॅब शेजारी शेजारी नांदतात, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

शेअरिंगवाला दिलदार. 'एव्हरीवन'ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, वाचायला द्यायचंय? घ्या. फुल कंट्रोल? तेही घ्या. एवढी खैरात करून मी आतल्या खोलीत लेकीला हाक मारली, "बघ गं, दिसतंय का?"

"फोल्डर दिसतोय बाबा. उघडायला गेलं की ॲक्सेस डिनाइड."

दोन्ही टॅबांत परवानग्यांची आपापली यादी असते. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही याद्यांमधून पार व्हावं लागतं, आणि दोन्हींत जी कडक तिचंच चालतं. साहेबांची सही झालेला कागद खालच्या टेबलावरच्या कारकुनाने परत सरकवावा, तसं. बरं, सिक्युरिटीच्या यादीत नावं तरी कुणाची? सिस्टीम, ॲडमिनिस्ट्रेटर्स, मी, आणि एस-1-5-21 ने सुरू होणारा एक हातभर आकडा. हा म्हणे कधीकाळी डिलीट केलेल्या खात्याचा मागे उरलेला ओळख क्रमांक. या भुताला फुल कंट्रोल, आणि पोटच्या पोरीचं नावही नाही!

शेजारी 'डिनाय'चा, म्हणजे नकाराचा, रकाना असतो. आगंतुकांना रोखायला 'एव्हरीवन'समोर तिथे खूण करावीशी वाटते. करू नये. एव्हरीवनमध्ये घरमालकही येतो, आणि अलाऊ-डिनायच्या भांडणात डिनाय जिंकतो.

लेकीच्या मशीनवर माझं नाव घातलं, तर पासवर्डची खिडकी उघडली. लेकीने माझा पिन टाकला. चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक. पिन हा त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर त्याला कुणी विचारत नाही. तिथे खात्याचा मूळ पासवर्ड लागतो, जो मशीन घेतलं त्या दिवसानंतर घरात कुणी उच्चारलेला नाही. पासवर्डच ठेवला नाही तर सुटलो, असंही नाही. बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज समोर बसून आत घेतं, नेटवर्कवरून नाही.

अशा वेळी एक जाणकार हमखास भेटतो. "पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाक ना!" म्हणजे टेकायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारणारा प्रत्येक पाहुणा 'एव्हरीवन' होऊन, सिक्युरिटीच्या यादीतही ते नाव असेल तर, माझ्या पगाराच्या स्लिपा चाळायला मोकळा. दुसरा जाणकार म्हणाला, "जुनं एसएमबी 1 चालू कर, सगळं धडाधड दिसेल." एसएमबी 1 म्हणजे नेटवर्कवर फाइली शेअर करायची जुनी पद्धत. दिसेल, खरंच दिसेल. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम त्याच दारातून जगभर घुसला होता आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत होता. गंमत म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. पण अपडेटची खिडकी आली की 'नंतर आठवण करा' हेच बटण दाबायची आपली रीत.

मी दोघांचेही आभार मानले आणि मूळ पासवर्ड नव्याने ठरवला. लेकीसाठी वेगळं खातं काढलं, दोन्ही याद्यांत तिला फक्त 'रीड' दिलं आणि नेटवर्क 'प्रायव्हेट', म्हणजे विश्वासातलं म्हणून नोंदलेलं, आहे ना, तेही पाहून घेतलं. फोल्डर उघडला. पाच मिनिटं शांतता.

"बाबा, यात माझा एक भयंकर फोटो आहे. डिलीट होत नाहीये."

"नाहीच होणार. तुला फक्त बघायची परवानगी आहे."

"मग तुम्ही करा."

"विचार करतो," मी म्हणालो. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदाच माझ्या परवानगीवाचून काहीतरी अडलं होतं.