नानांचे अर्धे राहिलेले वाक्य

आज सकाळच्या एका सत्कार समारंभाहून घरी आल्यापासून माझे कशातच लक्ष लागत नाही, म्हणून मनात आहे ते इथे लिहून काढते. सांगलीच्या हौशी रंगभूमीवर पन्नासहून अधिक वर्षे काढलेल्या आमच्या नानांचा, वय वर्षे ८१, सत्कार होता. शाल, श्रीफळ, मानपत्र सगळे यथासांग झाले आणि नाना बोलायला उठले. जेमतेम सहा-सात मिनिटे बोलले असतील, तोच एका वाक्याच्या मध्यावर ते थांबले. त्याच क्षणी निवेदकाने माइक जवळ ओढला आणि "नानांनी आता भरपूर आराम करावा, अशा शुभेच्छा देऊया" असे म्हणत टाळ्या मागितल्या. नाना खाली बसले. मला त्या टाळ्यांची चीड आली, आणि त्यांत माझ्याही टाळ्या होत्या याची त्याहून जास्त.

मी एकोणीस वर्षांची असताना नानांच्या 'संगीत शारदा'ला प्रॉम्प्टर होते. प्रयोग हरिपूरला, म्हणजे खुद्द नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या गावात, त्यामुळे सगळ्यांच्याच पोटात गोळा आलेला. पस्तिशीतले नाना कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेले पाऊणशे वर्षांचे भुजंगनाथ झाले होते: केसांना पांढरी पावडर, कपाळावर पेन्सिलीने ओढलेल्या आठ्या, स्पिरिट गमने चिकटवलेल्या मिशा. ऐन रंगात आलेला प्रवेश आणि नाना अडकले. मी विंगेतून शब्द दिला, पुन्हा दिला, पण त्यांनी तो घेतला नाही. ते शांतपणे कोपऱ्यातल्या तांब्यापाशी गेले, फुलपात्रात पाणी ओतून घोट घोट प्यायले, उपरण्याने मिशा टिपल्या, फुलपात्र तांब्यावर पालथे घातले आणि पुढचे वाक्य असे टाकले की लोकांना तो म्हाताऱ्याचा बेरकीपणाच वाटला आणि हशा पिकला. प्रयोगानंतर मी रडवेली झाले होते. मला म्हणाले, "शब्द कुठे जात नाही गं, त्याला यायला जरा सवड द्यावी लागते."

आज ते याच भुजंगनाथाविषयी बोलत होते. म्हणाले, तेव्हा म्हातारपण दाखवायचे म्हणून मी हात मुद्दाम थरथरवत असे. आता हात आपोआप थरथरतो तेव्हा कळते की खरा म्हातारा ती थरथर लपवत असतो, कप उचलण्याआधी कोपर टेबलाला टेकवतो, आणि जिन्याच्या मध्यावर दम लागला की काहीतरी बोलण्याचे निमित्त काढून थांबतो. "तीच भूमिका मी आज केली असती, तर..." एवढे म्हणून ते शब्दासाठी थांबले. सकाळपासून त्या व्यासपीठावर अभिनयाविषयी याहून मोलाचे कुणी काही बोलले नव्हते, आणि ते वाक्य आम्ही पुरे होऊ दिले नाही. एक तांब्या-फुलपात्र जवळ असते, तरी त्यांनी वेळ मारून नेली असती!

सभागृह एक वाजता रिकामे करून द्यायचे होते आणि निवेदक वयाने लहान होता, हे मान्य. पण जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे पहिले मानले जाणारे मराठी नाटक उभे केले, त्या आपल्या गावाला आपण उठता बसता नाट्यपंढरी म्हणतो, आणि त्याच गावात शब्द शोधणाऱ्या नटासाठी अर्धे मिनिट नसावे?

आणि आराम कसला करायचा? जन्मभर दिवसा नोकरी आणि रात्री तालीम केलेल्या माणसाला आराम म्हणजे शिक्षा असते. साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर उभे केले तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. तरुणाने म्हातारा साकारावा ही तर नटाची कलाच आहे. परंतु ज्याच्याकडे म्हातारपण घरचे आहे त्याला घरी बसवायचे आणि दोन प्रवेशांच्या आजोबांसाठीसुद्धा चाळिशीतल्या माणसाच्या केसांना पावडर फासायची, हे मला अजिबात पटत नाही. ऐंशीच्या माणसाला दौऱ्याचा रात्रीचा प्रवास झेपत नाही, हे कबूल. गावातल्या प्रयोगाला कोणता प्रवास असतो? १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिलेले बालगंधर्व शरीर साथ देईनासे झाले तरी उतारवयात रंगमंचावर येत राहिले, तेव्हा लोक हळहळले आणि काहींनी नावेही ठेवली. मलाही तो हट्ट वाटत असे. आज नानांना खाली बसताना पाहिले आणि वाटले, रंगमंच सोडून त्या माणसाने जायचे तरी कुठे होते?

एवढे लिहून मी उठले आणि नानांकडे गेले. पुढचे आता रात्री लिहिते आहे.

काकूंनी चहा केला. नानांनी आधी कोपर टेबलाला टेकवले आणि मग कप उचलला. सकाळचा विषय त्यांनी काढला नाही, आयोजकांविषयी वावगा शब्दही काढला नाही. शेवटी मीच विचारले, "नाना, आज भुजंगनाथ केला असता, तर काय?" ते बराच वेळ गप्प राहिले. मीही गप्प राहिले.

मग म्हणाले, "तर मी लोकांना हसू दिले नसते. एकट्याने मरायला घाबरलेला माणूस आहे गं तो, आणि त्या भीतीपायी एका पोरीचा जन्म जाळायला निघालाय. मी नुसता हात हलवून टाळ्या घेतल्या." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुझी ती प्रॉम्प्टिंगची वही आहे का गं अजून?"

माळ्यावरची ट्रंक खाली काढली आहे. सापडली की उद्या सकाळीच नेऊन देते.