'पुराने जमीन सुपीक होते' म्हणणाऱ्यांना

पुण्यातल्या माझ्या मावसभावाने सप्टेंबर 2025 च्या पुरात सापडलेल्या, धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातल्या एका गावासाठी सोसायटीत पैसे जमवायला घेतले होते. जनावरांना कडबा आणि रब्बीला हरभऱ्याचं बियाणं, एवढाच बेत. परवा फोनवर म्हणाला, "थांबवलंय रे. लोक विचारतायत, खरंच गरज आहे का?" कारण एक फिरता मेसेज. सरकारने 31 हजार कोटी दिलेत, शेतकऱ्याला लाखो मिळणार, वर विमा आहे, पुराच्या गाळाने जमीन सुपीक होते, दुष्काळ मिटला, आणि पाठवलेलं सामान रस्त्यावर पडतं. म्हणून मदत पाठवू नका, असा त्याचा सूर.

सगळ्यात आधी गाळाचं बोलू, कारण याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही त्यात नाही.

धरणाच्या संथ पाण्यात तळाशी बसलेला बारीक गाळ शेताला चांगला असतो, हे खरं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना त्यासाठीच आहे. पण सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदी पात्र सोडून शिवारात घुसली तेव्हा पाणी संथ नव्हतं. त्या ओढीने वरची काळी माती नेली आणि खाली मुरूम उघडा पडला. आमच्या चुलत्यांच्या रानात बोअरचा केसिंग पाइप जमिनीच्या वीतभर वर असायचा. आज तो माझ्या कमरेला लागतो. ठिबकच्या नळ्या बाभळीला लोंबतायत. बांध कुठे होता, हे चुलत्यांनाही दाखवता येत नाही. जिथे काही येऊन साचलंय तिथे वाळू आणि गोटे आहेत.

आणि गाळ हे वरदान असतं तर आपत्ती निवारणाच्या सरकारी निकषांत शेतातला गाळ काढायला हेक्टरी 18,000 रुपये कशाला ठेवले असते? तेच निकष खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 देतात. मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा उघडून वाचायला हवे होते.

आता 'लाखो रुपये'. 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, हे मान्य. पण ते सगळे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर पडणार नाहीत. वाहून गेलेले रस्ते, पूल यांचा खर्चही त्यातच धरलाय. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 आणि रब्बीसाठी 10,000, म्हणजे 18,500. एकरी साडेसात हजारांच्या आत. सोयाबीनचं बी, खत, फवारणी, खुरपणी आणि मळणी यांचा हिशोब कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

खरडलेल्या जमिनीला 47,000 रोख आणि वर हेक्टरी तीन लाख, ही घोषणाही झाली. 'लाखो' तिथूनच आले असणार. पण ते तीन लाख रोजगार हमीतून, कामाच्या रूपात आहेत. आणि पुरतील का? एक एकरावर फूटभर माती टाकायची तर 435 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागते. हेक्टरला हजाराच्या वर. दोन्ही रकमा एकत्र केल्या तरी ब्रासमागे सव्वातीनशे रुपये पडतात, आणि त्यात जेसीबी, ट्रॅक्टर, डिझेल सगळं आलं. शिवाय एवढी काळी माती आणायची कुठून?

दावणीला बांधलेली जनावरं रात्रीच्या पाण्यात जागेवर गेली. दुभत्या गाई-म्हशीला 37,500 मिळतात. बाजारात चांगली दुभती म्हैस त्याच्या दुपटीलाही मिळत नाही.

विम्याचं तर विचारूच नका. एक रुपयातली पीक विमा योजना 2025 च्या खरिपापासून बंद झाली, आणि अतिवृष्टी झाली की शेतात येऊन वैयक्तिक नुकसान बघायची तरतूदही गेली. त्या खरिपाला महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, पीक कापणी प्रयोगाचं (निवडक शेतांत पीक कापून मोजलेलं) सरासरी उत्पन्न आल्यावर काय ते ठरणार होतं. तुमचं रान नदीकाठी आणि मंडळातली बाकी गावं माळावर असतील, तर सरासरी तुमच्या विरोधात जाते.

दुष्काळ मिटला म्हणावं, तर काठावरच्या विहिरी गाळाने बुजल्यात. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याचा दाखला 2025 चा पूर सोसणाऱ्यांना देऊ नये.

सामानाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. मनाविरुद्ध कबूल करतो. जुन्या कपड्यांचे ढीग पडले. डांबरी रस्त्यालगतच्या गावांत किट दोनदा आली आणि आतल्या वस्त्यांवर कुणी फिरकलं नाही. पण यावरून मदत थांबवायची? विचारून पाठवायची. ग्रामसेवकाला, शाळेतल्या गुरुजींना फोन करा, कुठल्या वस्तीला काय हवं ते कळतं. कपडे नकोत, बिस्किटं नकोत. कडबा, मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), हरभऱ्याचं बियाणं, पाण्यात गेलेल्या पंपाच्या मोटारी भरून (रिवाइंड करून) द्यायला पैसे, पोरांना वह्या-पुस्तकं. हरभऱ्याचं बी तर वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल, आहे तोवर पोचलं पाहिजे. मावसभावाला मी हेच लिहून पाठवलंय, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला.