खुलासा: फोर्टिंगॉलचं झाड आणि पायलेट

स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या फोर्टिंगॉल या चिमुकल्या गावाबद्दल एक मजकूर फिरतोय: येशूला सुळी देणारा पाँटियस पायलेट म्हणे इथल्या चर्चच्या आवारातल्या यू या सदाहरित झाडाखाली जन्मला, त्याचा बाप तिथे तैनात असलेला रोमन सैनिक होता. हे कालक्रमातच बसत नाही. पायलेट इ.स. 26 ते 36 या काळात यहुदिया या रोमन प्रांताचा अधिकारी होता. रोमन फौजा ब्रिटन जिंकायला उतरल्या इ.स. 43 मध्ये आणि स्कॉटलंडात शिरल्या त्यानंतरच्या काही दशकांत. बाप सम्राट ऑगस्टसचा दूत होता, अशी पुस्तीही काही जण जोडतात. तिलाही समकालीन पुरावा नाही.

झाड मात्र खरंच पुराणं आहे. पण ‘नेमकं 5000 वर्षांचं’ असं छातीठोकपणे सांगू नये. खोडाचा गाभा कधीच कुजून गेलाय, त्यामुळे वय सांगणारी वलयं मोजता येत नाहीत. अनेक अंदाज 2000 ते 3000 वर्षांच्या आसपास आहेत. 1769 साली घेर 52 फूट भरला होता. आज भिंतीच्या कुंपणाआड दिसतात ते त्याच खोडाचे सुटे झालेले तुकडे.

‘झाडाने लिंग बदललं’ हेही अर्धसत्यच. 2015 मध्ये या नर झाडाच्या एकाच फांदीवर एरवी मादी झाडालाच येणारी लाल फळं आढळली, तीही तीनच; बाकी झाड नरच राहिलं.