‘1500 रुपयांत लो-एंड दुप्पट’ म्हणे! त्या मेसेजमधल्या आठ उपायांना उत्तर

यवतमाळ, अमरावती, वाशीमकडच्या बायकर ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘200 ते 250 सीसी डर्ट बाइकचा लो-एंड दुप्पट करा, खर्च फक्त 1500.’ खाली आठ उपाय दिले आहेत. एअर फिल्टर काढा, पेट्रोलमध्ये कापूर आणि थोडं रॉकेल टाका, मेन जेट मोठा करा, सायलेन्सरची जाळी काढा, हेड घासा, मॅग्नेट घासा, इरिडियम प्लग लावा आणि पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान बसवा. दारव्ह्याकडच्या माझ्या भाच्यानं यातला पहिला उपाय करून टाकला आणि नंतर मला मेसेज दाखवला. तेव्हा गप्प बसण्यात अर्थ नाही. आठांपैकी एक उपाय खरा आहे, एक अर्धा खरा आहे, एकानं फायदाही नाही आणि तोटाही नाही. उरलेले पाच गाडीची वाट लावतील.

आधी त्या ‘दुप्पट’चं बघू. लो-एंड म्हणजे साधारण 3000 ते 5000 आरपीएममधली (इंजिनाच्या मिनिटाला एवढ्या फेऱ्यांमधली) ओढ. ओल्या वावरातून निघताना किंवा नाल्याचा चढ दुसऱ्या गिअरात काढताना लागते ती. एका फेऱ्यात सिलेंडरमध्ये किती हवा भरते आणि तिच्यासोबत किती पेट्रोल नीट जळतं, यावर टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, ठरतो. हीरोच्या एक्सपल्स 200 4व्हीचा टॉर्क कंपनीच्या आकड्याप्रमाणे 17.35 एनएम (न्यूटन-मीटर), तोही 6500 आरपीएमला. तेवढ्याच सिलेंडरमध्ये टर्बोसारख्या हवा कोंबणाऱ्या यंत्राशिवाय दुप्पट हवा भरण्याचा मार्ग कोणाकडेच नाही, 1500 रुपयांत तर नाहीच.

आता फिल्टर. मेसेज म्हणतो, ‘एअर फिल्टर आणि एअरबॉक्सचं झाकण काढा, इंजिन मोकळा श्वास घेईल.’ सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीनं होणार आहे, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

200 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. 3000 आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त 300 लिटर, 8500 ला 850 लिटर. फिल्टरचं माप या वरच्या आकड्यासाठी ठरवलेलं असतं. म्हणजे खालच्या आरपीएमला इंजिन फिल्टरच्या क्षमतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढीच हवा मागतं. तिथे फिल्टर आड येतच नाही. मग तो काढून लो-एंडला काय मिळणार? फिल्टर धुळीनं गच्च भरला असेल तर ओढ कमी होते, एवढं मान्य. पण त्यावर उपाय तो साफ करणं किंवा बदलणं हा आहे.

शिवाय धूळ आपल्याकडची आहे. एप्रिल-मे महिन्यात पांदणीवरून एखादा ट्रॅक्टर गेला की काळ्या मातीचा फुफाटा किती वेळ हवेत राहतो ते सगळ्यांनी पाहिलंय. मुरमाड रस्त्यावरची लाल धूळही तशीच. या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, साध्या लोखंडापेक्षा कडक. पिस्टन आणि सिलेंडरमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात, आणि पिस्टनच्या रिंगखालचा तेलाचा थर त्याहून कितीतरी पातळ असतो. त्या थरात कण शिरला की प्रत्येक स्ट्रोकला रिंग आणि बोअर (सिलेंडरची आतली भिंत) घासले जातात.

रिंग झिजल्या की सगळ्यात आधी लो-एंडच जातो. 3000 आरपीएमला कॉम्प्रेशन स्ट्रोकला 10 मिलिसेकंद लागतात, 8500 ला साडेतीन. खालच्या आरपीएमला दाबलेल्या हवेला रिंगच्या बाजूनं निसटायला जवळपास तिप्पट वेळ मिळतो. म्हणून अशी गाडी वर फिरवली की ठीक वाटते, पण चढावर दुसऱ्या गिअरात मरते. म्हणजे जे वाढवायला निघालात तेच आधी हातचं जातं.

माझं ऐकायचं नसेल तर कावासाकीच्या केएक्स मालिकेचं ओनर्स मॅन्युअल वाचा. ती शुद्ध मोटोक्रॉसची, फक्त ट्रॅकवर पळणारी गाडी आहे. एकेका अश्वशक्तीसाठी जीव टाकणाऱ्या या कंपनीनंही फिल्टर काढा असं कुठे म्हटलेलं नाही. उलट प्रत्येक रेसनंतर फिल्टर साफ करा, धुळीच्या भागात त्याहून जास्त वेळा करा, असं लिहिलंय. धूळ आत गेली तर इंजिन झिजेल हा इशारा त्यात आहेच, आणि थ्रॉटल अडकून अपघात होऊ शकतो हाही आहे. थ्रॉटलच्या फटीत रेती अडकली आणि मूठ सोडल्यावरही आरपीएम उतरला नाही, तर वळणावर काय होईल याचा विचार करा.

फिल्टर न लावता गाडी चालवून झाली असेल तर आधी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. काढलेलं तेल दोन बोटांत चोळून बघा, कचकच लागली तर रेती आत गेली आहे. मग एअरबॉक्स ते थ्रॉटल बॉडी (किंवा कार्ब्युरेटर) हा रबरी पाइप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

साफसफाईतही लोक चुकतात. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुवायचा, पेट्रोलमध्ये नाही, कारण पेट्रोलनं त्याच्या जोडाचा गोंद सुटतो. मग साबणाच्या कोमट पाण्यानं धुवायचा, दाबून पाणी काढायचं, पिळायचा नाही. सावलीत पूर्ण वाळला की फोम-फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं मुरवायचं आणि जास्तीचं दाबून काढायचं. कडेला ग्रीसचा पातळ थर द्यायचा, नाहीतर धूळ कडेनं आत जाते. आपल्या बऱ्याच गाड्यांत मात्र तेलकट कागदाचा एलिमेंट असतो. तो धुवायचा नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. भरला की बदलायचा.

कापूर आणि रॉकेल. ‘दहा लिटरला कापराच्या चार वड्या.’ दहा लिटर पेट्रोल म्हणजे साधारण साडेसात किलो. वडी एक ग्रॅमची धरली तरी मिश्रणात कापूर किती? 0.05 टक्का. एवढ्यानं इंजिनाला काहीही कळत नाही. रॉकेलचं मात्र इंजिनाला लगेच कळतं. त्याचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप पेट न घेण्याची क्षमता, पेट्रोलच्या अर्ध्याहूनही खाली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन 95 धरलेला आहे, तो तुम्ही स्वतःच्या हातानं खाली आणता. कमी आरपीएम आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, म्हणजे नेमकी लो-एंडचीच स्थिती, तिथे नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकण्याला) सगळ्यात जास्त वाव असतो. त्यात बाहेर 45 अंश. चढावर इंजिनातून धातूची टकटक ऐकू आली की समजा पिस्टनवर हातोडे पडताहेत. पुढे रिंगच्या खाचा तुटतात, पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं. टाकीत रॉकेल घालून ठेवलं असेल तर गाडी सुरू करू नका, टाकी रिकामी करा.

‘मेन जेट दोन नंबर मोठा.’ जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक. या मेसेजमध्ये एक्सपल्सचं नाव घेतलंय. एक्सपल्स 200 ही 2019 मध्ये कार्ब्युरेटर आणि एफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी) अशा दोन्ही प्रकारांत आली, पण 2020 पासून ती एफआयच आहे, आणि एफआयला जेट नसतोच. लिहिणाऱ्यानं हा फरक लक्षातच घेतलेला नाही. कार्ब्युरेटरवाली इम्पल्स किंवा तशी जुनी गाडी असेल तरी मेन जेटचा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे चालतो. बंद ते पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू, पाव ते पाऊण नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई). लो-एंडला अडखळत असेल तर तिथे बघा. इंजिन गरम करा, स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा, मग पाव-पाव फेरा फिरवत आयडल सर्वात वर जाईल ती जागा शोधा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर उघडल्यानं पेट्रोल वाढतं, एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर उघडल्यानं कमी होतं. इंजिनाच्या बाजूच्या स्क्रूला तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल तर पायलट जेट एक पायरी मोठा घ्या, मिकुनीत समजा 17.5 चा 20. इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. ई20 ला जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या कार्बच्या गाड्या खरंच थोड्या लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) चालताहेत. पण त्याचं उत्तर पायलट आणि नीडलपासून सुरू होतं, आंधळेपणानं मेन जेट वाढवण्यात नाही.

स्प्रॉकेट. हा उपाय खरा आहे आणि खरं तर पहिल्या नंबरवर हाच हवा होता. फक्त एवढं समजून घ्या की इंजिनाचा टॉर्क तेवढाच राहतो, चाकापर्यंत पोचणारी ओढ वाढते. पुढे 13 आणि मागे 39 दात असतील तर गुणोत्तर 3. पुढे 12 केले की 3.25, म्हणजे ओढ 8 टक्क्यांहून थोडी जास्त आणि प्रत्येक गिअरातला वेग तेवढ्याच आरपीएमला पावणेआठ टक्के कमी. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे जवळपास तीन दात वाढवण्यासारखं. केएक्सचं तेच मॅन्युअल सांगतं की ट्रॅक चिखलाचा, वळणांचा, चढाचा असेल तर हे गुणोत्तर वाढवा, लांब आणि कडक असेल तर कमी करा. काळ्या मातीच्या चिखलात हा फरक पहिल्याच चढाला कळतो. रोज हायवेनं ये-जा असेल तर मात्र आरपीएम चढलेला राहील, ॲव्हरेज उतरेल.

बसवताना आधी चेनचा नंबर बघा, 428 की 520. चेन गाडीवर असतानाच, गिअरात टाकून आणि मागचा ब्रेक दाबून, पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करा. नंतर धरायला काही राहत नाही. मग मागचा ॲक्सल सैल करून चाक पुढे घ्या आणि स्प्रॉकेट बदला. लहान स्प्रॉकेटवर चेन ढिली पडते, म्हणून चाक पुन्हा मागे ओढून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. ढिलाई मॅन्युअलमधल्या आकड्याएवढीच. लांब सस्पेन्शनच्या गाडीत चेन घट्ट ठेवली तर खड्ड्यात ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ताण देते. चेन आता स्विंगआर्मच्या जवळून जाते, म्हणून रबरी स्लायडर झिजलाय का ते दर काही दिवसांनी बघा. आणि ताणलेल्या जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका, दात लवकर वाकतात.

हेड (सिलेंडरवरचं झाकण) घासणं अर्धं खरं आहे. कॉम्प्रेशन वाढलं की टॉर्क वाढतो, पण किती? 66.5 मिमी बोअरच्या 200 सीसी इंजिनाचं हेड अर्धा मिलिमीटर घासलं की 10:1 चं साधारण 10.8:1 होतं. पुस्तकी हिशेबानं फायदा दोन टक्के. त्याच वेळी हेड खाली आल्यानं कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) चेन सैल पडते आणि कॅम टायमिंग मागे सरकतं. मागे सरकलेलं टायमिंग ताकद वरच्या आरपीएमकडे नेतं. स्लॉटवाला कॅम स्प्रॉकेट लावून टायमिंग परत जुळवणारा आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर मोजून देणारा मिस्त्री मिळाला तर करा, नाहीतर हेडला हात लावू नका.

मॅग्नेट घासणं सरळ उलटं आहे. मॅग्नेट म्हणजेच फ्लायव्हील, तो हलका केला की आरपीएम पटकन चढतो आणि तितक्याच पटकन पडतो. हळू चालताना गाडी बंद पडते. मोटोक्रॉसवाले चिखलासाठी फ्लायव्हीलला वजन जोडतात, कमी करत नाहीत. शिवाय एफआय गाडीच्या मॅग्नेटच्या कडेवर सेन्सरसाठी उंचवटे असतात. लेथवर ते गेले की गाडी सुरूच होणार नाही.

सायलेन्सरची जाळी काढून आवाज वाढतो आणि आवाजामुळे वेग वाढल्यासारखा वाटतो. खालच्या आरपीएमला पाइपमधल्या वायूचा वेग टिकणं महत्त्वाचं असतं, पाइप नुसता मोकळा केल्यानं लो-एंड बहुतेक वेळा घटतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इरिडियम प्लग जास्त टिकतो, ताकद देत नाही. हीट रेंज कंपनीची असेल तर खुशाल लावा.

मेसेजची शेवटची ओळ आहे, ‘सगळं एकदमच करा, फरक बघा.’ एकदम केलं तर कशानं काय झालं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच बदल करा. त्याआधी क्लचची फ्री-प्ले, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, ब्रेक घासतोय का आणि टायरची हवा तपासा. कमी झालेली ओढ अर्ध्या वेळा इथेच सापडते. मग एकच चढ, एकच गिअर, टाकीत सारखं पेट्रोल, आणि सकाळची थंड वेळ ठरवा, कारण 25 अंशांच्या मानानं 45 अंशांना हवा सहा टक्के विरळ असते. दुसऱ्या गिअरात 20 वरून 40 किमीला यायला किती सेकंद लागतात ते कोणाला तरी स्टॉपवॉचवर मोजायला सांगा, तीनदा मोजा, आणि बदलानंतर तिथेच पुन्हा मोजा. जीपीएसवरचा वेग धरा, कारण काही गाड्यांत स्प्रॉकेट बदललं की स्पीडोमीटर जास्त दाखवतो. वेळ कमी झाली नाही तर काढलेला पार्ट परत बसवा.