अडीच वडापाव आणि उणे पाच

समीकरणाशी माझं बरं जमतं. डावी बाजू उजवीइतकी आहे का, एवढंच ते विचारतं. असमानतेचे, म्हणजे 'यापेक्षा लहान' किंवा 'यापेक्षा मोठं' सांगणाऱ्या अटीचे, नखरे फार. 'सहाच्या खाली काहीही चालेल' म्हणते आणि नेमके सहा आले की तोंड फिरवते. एखादा बिंदू तिला पटतो का, हे तपासायला खरं तर अर्धं मिनिट पुरतं: क्ष आणि यच्या जागी किमती ठेवा, बेरीज-वजाबाकी करा, चिन्ह बघा. माणसं अडकतात ती याच अर्ध्या मिनिटात.

खिशात १०० रुपये आहेत. वडापाव २० रुपये, चहा १०. क्ष वडापाव आणि य चहा घेतले तर अट अशी: २०क्ष + १०य ≤ १००. आता (३, ४) बघा. ६० अधिक ४०, बरोबर १००. खिसा रिकामा, पण इज्जत शाबूत. (४, ३) केलंत तर ८० अधिक ३०, म्हणजे ११०, आणि गल्ल्यापाशी दहा रुपयांची उधारी. आकडे तेच, फक्त कंसातली जागा बदलली. पहिला आकडा क्षचा, दुसरा यचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हेल्मेट घालावं हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

खरी फजिती उणे चिन्हाची. ३क्ष − २य < ६ ही अट आणि (−१, −५) हा बिंदू घ्या. घाईत लिहिलं जातं: −३ − १० = −१३. सहापेक्षा कमी, झालं काम! झालं नाही. कंस घालून लिहा: ३(−१) − २(−५) = −३ + १० = ७. सात काही सहापेक्षा लहान नाही, बिंदू बाहेर. उणे किंमत कंसाशिवाय ठेवणं म्हणजे शिट्टी न लावता कुकर चढवणं. डाळ शिजते, पण ओट्यावर.

त्याच अटीत (४, ३) ठेवला तर १२ − ६ = ६ येतात. सहा सहापेक्षा लहान नसतात, कितीही गयावया केली तरी. बिंदू नेमका ३क्ष − २य = ६ या रेषेवर आहे, आणि इथली रेषा तुटक काढायची, कारण ती उत्तरात मोजत नाहीत. चिन्हाखाली बरोबरीची रेघ असती तर हाच बिंदू जावई म्हणून आत आला असता. < आणि > ही चिन्हं इंग्रज गणिती हॅरियटच्या १६३१ साली छापलेल्या ग्रंथात आली. खालची रेघ फ्रेंच गणिती बूगेरने १७३४ मध्ये जोडली, तीही दुहेरी. शंभर वर्षांनी आलेली ती रेघ वाचताना आपण सहज गाळतो.

'आलेखावर दिसतंच की' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एक सेंटीमीटरला एक एकक धरलं, तर (३, १.४) आणि (३, १.६) यांत दोन मिलिमीटरचं अंतर. ३क्ष − २य काढलं की पहिल्याला ६.२ येतात, दुसऱ्याला ५.८. एक बाहेर, एक आत, आणि मधून बोथट पेन्सिलची जाड रेघ.

काहींना आधी य एकटा काढायची हौस असते. −२ने भागलं की चिन्ह उलटतं: य > १.५क्ष − ३. ते उलटायचं राहिलं की पुढचे सगळे बिंदू चुकीच्या घरी जेवायला जातात. बिंदूच तपासायचा असेल तर मूळ अटीला हात लावू नये. छायांकनासाठी, म्हणजे रेषेची कुठली बाजू रंगवायची हे ठरवण्यासाठी, (०, ०) ठेवून बघणं सोयीचं, पण य > २क्षसारख्या अटीची रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर तो निरुपयोगी. तिथे (१, ०) घ्यावा: ० > २ खोटं, म्हणून छाया पलीकडच्या बाजूला.

टपरीवर परत येऊ. (−२, १०) ठेवा: −४० + १०० = ६०. अट पाळली! म्हणजे दोन वडापाव टपरीवाल्याला द्यायचे आणि दहा चहा प्यायचे. म्हणून क्ष ≥ ० आणि य ≥ ० हेही लिहावं लागतं. तरी (२.५, ५) उरतोच. ५० अधिक ५०, बरोबर १००, सगळ्या अटी पूर्ण. आता जाऊन अडीच वडापाव मागा.