आधी अ‍ॅप बाजारात, मग पेटंट? हा सल्ला पसरवणाऱ्यांना उत्तर

नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर, पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपांवर आणि आता सातपूर-अंबडच्या नव्या उद्योजकांच्या ग्रुपांवरही एक लांबलचक मेसेज फिरतोय. परवा तो भाचीने मला पाठवला. तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं पेमेंटचं अ‍ॅप तयार होत आलंय, आणि मेसेजमध्ये विकायला ठेवलेल्या, पेटंट काढून देण्याच्या ‘पॅकेज’चे पैसे ती भरणारच होती. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पेटंट ऑफिसातला परीक्षक फक्त फॉर्म तपासतो, त्यामुळे फायनान्स अ‍ॅपचं पेटंट १,६०० रुपयांत महिनाभरात होतं. व्यवसायपद्धती आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाकारणारं कलम ३(के) आडवं आलंच, तर दाव्यात, म्हणजे आपण नेमका कशावर हक्क सांगतो त्या मजकुरात, ‘सर्व्हर’, ‘प्रोसेसर’, ‘एआय’, ‘ब्लॉकचेन’ टाका, मग परीक्षकाचे हात बांधलेले. अर्जाची घाई नको, आधी अ‍ॅप काढा, युजर जमवा, कारण परीक्षकाला चालतं अ‍ॅप दाखवावं लागतं. अर्जाचा नंबर आला की ‘पेटंटेड’ लिहा आणि नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचा. आणि वर थोडे पैसे भरलेत तर ‘वर्ल्ड पेटंट’.

यातला सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो.

‘आधी अ‍ॅप काढा.’ हा सल्ला ज्यांनी पाळला त्यांचा हक्क अर्ज करण्याआधीच गेलेला असू शकतो. पेटंटची पहिली अट नावीन्य, आणि ते मोजलं जातं अर्जाच्या तारखेला. त्या तारखेआधी तुमची कल्पना लोकांसमोर आली असेल, तर ती तुम्हीच आणली होती हा बचाव बहुतेक वेळा चालत नाही. प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप, त्याचा यूट्यूबवरचा डेमो, कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनातलं पोस्टर, हॅकेथॉनमधलं सादरीकरण, गोपनीयतेचा करार न करता गुंतवणूकदाराला पाठवलेल्या स्लाइड, हे सगळं यात येऊ शकतं. कायद्यात सवलत आहे, पण अगदी अरुंद. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांनाच १२ महिन्यांची मुभा आहे. गंगापूर रोडवरच्या कॉलेजातलं वार्षिक प्रदर्शन त्यात बसत नाही.

परीक्षकाच्या नजरेतून ते सुटलं तरी सुटका नाही. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही कलम २५(१) खाली हरकत घेऊ शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावरही एक वर्ष हितसंबंधितांना विरोधाची वाट मोकळी असते, आणि त्यानंतरही कलम ६४ खाली पेटंट रद्द करून घेता येतं. तुमच्याच डेमोचा तारखेसकट स्क्रीनशॉट प्रतिस्पर्ध्याला पुरतो. सर्व्हरच्या आत चालणारं, पडद्यावर न दिसणारं काम काही वेळा यातून वाचतं, हे खरं. पण त्या भरवशावर कोणी अ‍ॅप बाजारात सोडू नये.

‘चालतं अ‍ॅप दाखवावं लागतं’ हे तर सरळ खोटं. परीक्षक तपासतो ते तुमचं विवरणपत्र, म्हणजे शोधाचं सविस्तर लेखी वर्णन (फॉर्म २), आणि त्यातले दावे. म्हणून योग्य क्रम बरोबर उलटा आहे. आधी तात्पुरतं विवरणपत्र दाखल करा, तारीख मिळवा, मग अ‍ॅप सोडा. पूर्ण विवरणपत्राला त्या तारखेपासून १२ महिने मिळतात.

इथेही एक खड्डा आहे. दीड पानाचा ‘आयडिया’ टाइपचा मजकूर तात्पुरतं विवरणपत्र म्हणून टाकला, तर पहिल्या तारखेचा फायदा तेवढ्याच मजकुराला मिळतो. नंतर पूर्ण विवरणपत्रात घातलेल्या खऱ्या तांत्रिक भागाला उशिराची तारीख लागते, आणि मधल्या काळात अ‍ॅप बाजारात आलेलं असतं. त्यामुळे पहिल्याच कागदात संदेश कोण कोणाला पाठवतो, त्यात कोणकोणती माहिती असते, सही-सुरक्षेची गुप्त डिजिटल किल्ली कुठे साठवली जाते, व्यवहार मध्येच तुटला तर काय होतं, हे आकृत्यांसह यायला हवं.

आता ‘सर्व्हर, प्रोसेसर टाका’ हा मुद्दा. पेटंट कायदा १९७०, कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना शोध मानलं जात नाही. यातला ‘निव्वळ’ फक्त संगणक प्रोग्रॅमला लागू आहे, व्यवसायपद्धतीला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ओपनटीव्ही या कंपनीच्या प्रकरणात हेच सांगितलं: व्यवसायपद्धत असेल तर मनाई संपूर्ण आहे, तिथे तांत्रिक परिणामाची, म्हणजे यंत्राच्या कामात काय फरक पडतो याची, चर्चा करत बसायचं कारण नाही. त्याच निकालात, या मनाईचा फेरविचार व्हायला हवा, असंही न्यायालयाने म्हटलं. पण फेरविचार संसदेने करायचा आहे, परीक्षकाने नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने पेटंट ऑफिसची संगणकसंबंधित शोधांबाबतची ३० जून २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अर्धीच वाचलेली दिसतात. दाव्यात एखादं उपकरण किंवा तांत्रिक प्रक्रिया अंशतः जरी असली, तरी दावा समग्रपणे तपासावा, असं त्यात आहे. ‘पेमेंट’, ‘व्यवहार’, ‘विक्री’ असे शब्द आले एवढ्यावरून ती व्यवसायपद्धत ठरत नाही, असंही आहे. इथे मेसेज थांबतो. तत्त्वं पुढे सांगतात की विषयाचा गाभाच धंदा, व्यापार, आर्थिक व्यवहार किंवा वेबवरून खरेदी-विक्री करण्याची रीत असेल, तर ती व्यवसायपद्धत धरावी आणि पेटंट देऊ नये. २०२५ मध्ये ही तत्त्वं सुधारली गेली, पण कलम ३(के) जिथे होतं तिथेच आहे.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते बघा. समजा, पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कांदा विकणाऱ्यांसाठी कोणी अ‍ॅप केलं. शेतकऱ्याच्या मागच्या बारा हिशोबपट्ट्या बघून पुढच्या लिलावाआधी त्याला किती उचल द्यायची हे अ‍ॅप ठरवतं, आणि लिलाव झाला की ती रक्कम कापून घेतं. दावा लिहिला असा: ‘एक प्रणाली, जिच्यात सर्व्हर, प्रोसेसर व मेमरी आहे, प्रोसेसर विक्रीच्या नोंदी वाचतो, जोखमीचे गुण काढतो, उचलीची रक्कम ठरवतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश पाठवतो.’

परीक्षक या दाव्यातली नेहमीची यंत्रसामग्री ओळखतो. सर्व्हर, प्रोसेसर, मेमरी, संदेश यांतलं एकही इथे वेगळ्या तऱ्हेने काम करत नाही. मग उरतं काय? उचल किती द्यायची आणि वसूल कशी करायची, हा नियम. पतसंस्थेचा व्यवस्थापक तो वहीतही पाळू शकतो. ही झाली व्यवसायपद्धत. जोखमीचे गुण काढणं हा अल्गोरिदम. त्यात ‘एआय’ घातलं तर अल्गोरिदमच्या जागी दुसरा अल्गोरिदम आला. ‘ब्लॉकचेन’ घातली तर तीच नोंद दुसऱ्या वहीत गेली. अर्जाचं वर्गीकरण बहुधा जी०६क्यू ४० मध्ये, म्हणजे बँकिंग-विमा-गुंतवणुकीच्या गटात होतं, आणि परीक्षण अहवालात ३(के) चा आक्षेप ठरलेला.

आता तेच अ‍ॅप, पण अडचण वेगळी. लिलावाच्या गर्दीत नेटवर्क जातं. व्यापाऱ्याचा फोन आणि शेतकऱ्याचा फोन, दोन्ही ऑफलाइन, आणि तरीही तेच पैसे व्यापाऱ्याने दोनदा खर्च करता कामा नयेत. त्यासाठी फोनच्या सुरक्षित चिपमध्ये मागे न फिरणारा काउंटर ठेवला, प्रत्येक सही केलेल्या टोकनमध्ये, म्हणजे पैशांच्या डिजिटल चिठ्ठीत, आधीच्या टोकनचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुराचा छोटा डिजिटल ठसा, गुंफला, घेणाऱ्या फोनने सर्व्हरला न विचारता साखळी तपासली, आणि नेटवर्क आल्यावर ताळा जुळवताना तुटलेली साखळी पकडली. दाव्यात कोणतं उपकरण काय करतं ते पायरी-पायरीने लिहिलं. विवरणपत्रात टोकन किती बाइटचं, तपासणीला किती मिलिसेकंद, आधीच्या पद्धतीपेक्षा फरक किती, हे मोजून दिलं. अशा अर्जावरही ३(के) चा आक्षेप येऊ शकतो, पण त्याला उत्तर देता येतं, कारण फरक यंत्राच्या कामात पडलाय, पैशाच्या नियमात नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऑनलाइन व्यवहारात वैयक्तिक माहिती राखणाऱ्या प्रणालीचा नाकारलेला अर्ज याच धर्तीवर व्यवसायपद्धतीच्या शिक्क्यातून सोडवला.

आणि ३(के) पार झालं म्हणजे पेटंट मिळालं, असंही नाही. मग अहवालात डी१, डी२ म्हणून जुनी पेटंटं किंवा निबंध येतात, आणि त्या दोन-तीन कागदांवरून जाणकाराला हे सुचलं असतं का, हा प्रश्न उभा राहतो. ऑफलाइन पेमेंटवर जगभर भरपूर लिहिलं गेलंय. शोध घेतल्याशिवाय दावे लिहिणारा माणूस इथे आपटतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. एकाच प्रकारच्या अर्जांवर वेगवेगळे आदेश निघतात. काही आदेशांत कलमाचा मजकूर उतरवलेला असतो आणि कारण एका ओळीचं. उच्च न्यायालयांनी असे आदेश रद्द करून अर्ज पुन्हा तपासायला पाठवलेत. पण त्यावरून ‘शब्द टाका, काम होतं’ असा अर्थ काढणं म्हणजे पोरांना फसवणं आहे.

‘फक्त फॉर्म तपासतात, महिन्यात पेटंट.’ एकट्या व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, हे बरोबर. पण ती ३० पानं आणि १० दाव्यांपर्यंतच. पुढे प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. आणि एवढ्यावर परीक्षण सुरूच होत नाही. परीक्षणाची विनंती वेगळी, फॉर्म १८, फी ४,००० रुपये. ती ३१ महिन्यांत केली नाही तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. अर्जाची प्रसिद्धीही एरवी १८ महिन्यांनी होते, लवकर हवी तर फॉर्म ९ चे २,५००. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदारांत किमान एक महिला असेल, तर फॉर्म १८ए वर ८,००० रुपये भरून जलद परीक्षण मागता येतं. म्हणजे जलद मार्गाचा सरकारी हिशोबच १,६०० + २,५०० + ८,००० = १२,१०० रुपये. त्यातही परीक्षक अहवाल देतो आणि निर्णय त्याच्या वरचा अधिकारी, म्हणजे नियंत्रक, घेतो. मधे तुमचं उत्तर, बहुतेक वेळा व्हिडिओवरून सुनावणी, आणि सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं. महिन्यात हे होत नाही.

महिन्या-दोन महिन्यांत हातात पडणारी जी ‘पेटंट’ प्रमाणपत्रं ग्रुपवर झळकतात, ती बहुधा डिझाइनची नोंदणी असते, कधी ब्रिटनमधली. तिला वस्तूच्या दिसण्यापुरतं संरक्षण आहे. तुमच्या पेमेंटच्या पद्धतीला तिचा काडीचा उपयोग नाही.

या पॅकेजवाल्यांकडून होणारं एक नुकसान सहसा कोणी सांगत नाही. अर्जात पत्रव्यवहारासाठी ते स्वतःचा ई-मेल देतात. पहिला परीक्षण अहवाल त्या ई-मेलवर जातो. उत्तराला सहा महिने मिळतात, मुदतीत फॉर्म ४ आणि फी भरली तर आणखी तीन. उत्तर गेलं नाही की कलम २१(१) खाली अर्ज सोडून दिलेला धरला जातो, आणि अर्जदाराला पत्ताही नसतो. ज्यांनी आधीच अर्ज केलाय त्यांनी पेटंट ऑफिसच्या ‘इनपास’ शोधसेवेवर आपला नंबर टाकून स्थिती बघावी, आजच. अहवाल आलेला असेल तर तो तिथेच उतरवून घेता येतो.

‘नंबर आला की पेटंटेड लिहा.’ लिहू नका. नंबर म्हणजे फक्त अर्ज आल्याची पोच. अर्ज प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून हक्क मोजला जातो, पण पेटंट मंजूर होईपर्यंत कोर्टात खटला भरता येत नाही. पेटंट नसताना ‘पेटंटेड’ म्हणून मिरवलं तर कलम १२० खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पेटंट पेंडिंग’ म्हणा, तेही अर्ज जिवंत असेल तोवर.

वर्ल्ड पेटंट नावाची चीज अस्तित्वात नाही. पीसीटी (पेटंट सहकार्य करार) खाली होतो तो फक्त एक आंतरराष्ट्रीय अर्ज. पुढे, पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३०-३१ महिन्यांत, देशागणिक वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळा परीक्षक. अमेरिकेत सगळं मिळतं, हेही जुनं झालं. २०१४ च्या अ‍ॅलिस निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्यवहाराच्या मध्यस्थीची संगणकीय योजना नाकारली, आणि त्यानंतर तिथेही फायनान्सचे अर्ज या चाळणीतून जातात. शिवाय भारतात राहणाऱ्याने भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबल्याशिवाय किंवा पेटंट ऑफिसची लेखी परवानगी घेतल्याशिवाय परदेशात अर्ज करणं कलम ३९ ने बंद आहे.

मदत हवीच असेल, तर डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता असलेल्या स्टार्टअपला केंद्राच्या योजनेत सुविधादात्याचं, म्हणजे अर्ज करून देणाऱ्या तज्ज्ञाचं, शुल्क सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरायची. नाशिकमध्ये पेटंट ऑफिस नाही, आपलं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. पण अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पैसे देण्याआधी समोरच्याचा पेटंट एजंट नोंदणी क्रमांक मागा आणि तो पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा. क्रमांक दाखवायला टाळाटाळ झाली, तर पैसे देऊ नका.